मधुमेहाची त्वचेतील नोंद



बर्लिन येथील पॉल लँगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६८ साली मानवी त्वचेचा एक पातळ छेद सुवर्णक्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्वचेच्या वरच्या थरात त्याला फांद्या फुटल्यासारख्या काही पेशी दिसल्या. त्या मज्जासंस्थेतील असाव्यात, असा त्याने तर्क केला. पुढच्याच वर्षी पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्याने सशाच्या स्वादुपिंडातील पेशींच्या लहान लहान पुंजक्यांचे वर्णन केले. हे पुंजके तेथे कशासाठी आहेत, ते मात्र त्याला सांगता आले नाही. त्वचेतील त्या पेशींना आणि स्वादुपिंडातील त्या पुंजक्यांना आज लँगरहान्सचेच नाव आहे. पहिल्या पेशी बाहेरून येणाऱ्या जंतूंची वर्दी देणाऱ्या पहारेकरी पेशी होत, आणि दुसऱ्यांतून इन्शुलिन स्रवते, हे उमगावयास पुढे कित्येक दशके जावी लागली. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबर्ग येथे १८८९ मध्ये दाखवून दिले. त्याच्या आदल्याच वर्षी लँगरहान्स निवर्तला होता.

एकाच तरुणाच्या हातून हे दोन्ही शोध लागावेत, हा योगायोग खरा. मधुमेह आणि त्वचा यांचा संबंध मात्र योगायोगाचा नाही, आणि तो भारतीय वैद्यांच्या दृष्टीस फार पूर्वीच पडलेला होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या वर्णनाबरोबरच रोग्याच्या अंगावर उठणाऱ्या दहा प्रकारच्या पिडकांची गणना आहे; चरकसंहितेत सात सांगितल्या आहेत. कडांना उंच व मध्ये खोलगट अशी परळासारखी दिसणारी ती शराविका, कासवाच्या पाठीसारखी ती कच्छपिका, मोहरीएवढी ती सर्षपिका. डोळ्यांना जे दिसत होते त्याची इतकी बारकाईने केलेली नोंद थोड्याच प्राचीन ग्रंथांत सापडेल. पिडका का उठतात आणि जखम का भरत नाही, याचे उत्तर मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या पातळीवर नव्हते. ते पेशींत आणि प्रथिनांत दडलेले होते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडिआब’ या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा ११.४ आहे. मधुमेहामुळे ज्यांचा पाय वा पायाचा भाग कापावा लागतो, अशा दहा रुग्णांपैकी सुमारे आठ जणांच्या बाबतीत आरंभ पायावरच्या एका साध्या व्रणापासून झालेला असतो. कोठे चप्पल चावलेली असते, कोठे बाभळीचा काटा मोडलेला असतो. खेड्यापाड्यांतून अशा जखमेविषयी ‘रक्त बिघडले’ किंवा ‘साखर जखमेत उतरली’ असे बोलले जाते. या दुसऱ्या बोलण्यात सत्याचा अंश आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

तव्यावरील क्रिया आणि शरीरातील क्रिया

तव्यावर भाकरी टाकली म्हणजे तिच्यावर तांबूस डाग पडतात आणि खरपूस वास सुटतो. पावाची वरची कड तपकिरी होते ती याच कारणाने. पिठातील शर्करा आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी जोडले जातात आणि त्यांतून रंगीत संयुगे तयार होतात. लुई मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे पहिले पद्धतशीर वर्णन केले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ही क्रिया मुख्यतः अन्नशास्त्राच्या पुस्तकांतच राहिली. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, तव्याचे त्याच्या कितीतरी पट. तेव्हा जिवंत माणसाच्या अंगात असे काही घडत असेल, ही कल्पना सहजासहजी सुचण्यासारखी नव्हती.

ती पुढे आली ती रक्ताच्या तपासणीतून. तेहरान विद्यापीठातील सॅम्युएल रहबर हे हीमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार तपासत असताना मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक वेगळाच पट्टा आढळला. हे १९६८ साल होते. पुढील संशोधनात हे वेगळे हीमोग्लोबिन म्हणजे ग्लुकोज चिकटलेले हीमोग्लोबिन होय, असे निष्पन्न झाले. कोणाच्याही मदतीवाचून, केवळ रक्तात फिरता फिरता, साखर प्रथिनाला जाऊन चिकटते. या क्रियेला ग्लायकेशन असे म्हणतात. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. तितक्या दिवसांत तिच्यातील हीमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. आज तालुक्याच्या गावीही होणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणी ती हीच.

सर्व शर्करांमध्ये ग्लुकोज हे तसे सर्वांत शांत स्वभावाचे. त्याचा रेणू बहुतेक वेळ कड्याच्या रूपात मिटलेला असतो, आणि उघडलेला असतानाच तो प्रथिनाशी जोडला जाऊ शकतो. रक्तात वाहून नेण्यासाठी निसर्गाने हीच शर्करा निवडली यामागे हेही एक कारण असावे, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. परंतु शांत माणूसही वर्षानुवर्षे दारात बसून राहिला तर त्याचे अस्तित्व जाणवल्यावाचून राहत नाही. प्रथम जोडला जाणारा बंध सैल असतो. साखर उतरली की तो सुटूही शकतो. काही दिवसांत रेणूची अंतर्गत मांडणी बदलते आणि बंध पक्का होतो. या टप्प्यावरील संयुगाला अमादोरी या इटालियन रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्यानंतर महिने आणि वर्षे लोटतात, ऑक्सिजनची त्यात भर पडते, आणि शेवटी अशी काही संयुगे तयार होतात की ती पुन्हा मोडत नाहीत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘एज’ असे म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वय असाही होतो, आणि हे नाव किती यथार्थ आहे ते त्वचेकडे पाहिल्यावर पटते.

तिपेडी दोर

त्वचेचे मुख्यतः दोन थर. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. ती केराटिन बनविणाऱ्या पेशींची असून सुमारे महिनाभरात तिची वरपर्यंत नवी घडण होते. जुन्या पेशी कोंड्यासारख्या गळून पडतात. साखरेने तेथे काही लिहिले तरी पाटी लवकर पुसली जाते. खालच्या थराची, अंतस्त्वचेची, गोष्ट वेगळी आहे. तिच्या कोरड्या वजनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजेन या एकाच प्रथिनाचा असतो.

कोलॅजेनच्या रचनेचे कोडे उलगडण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली असे प्रतिपादन केले की, कोलॅजेनचा रेणू म्हणजे एकमेकींभोवती पीळ घेतलेल्या तीन साखळ्या होत. वाखाचे तीन पेड वळून दोर करावा, तसा हा प्रकार आहे. असे असंख्य दोर शेजारी शेजारी रचले जाऊन तंतू बनतो, आणि दोन शेजारच्या दोरांना ठरावीक जागी, बहुधा टोकांपाशी, टाके घातलेले असतात. हे टाके शरीर स्वतः घालते, मोजून घालते. त्वचा ओढली असता ताणली जावी आणि सोडली असता पूर्ववत व्हावी, एवढी मोकळीक त्यात ठेवलेली असते.

आता कोलॅजेनचे आयुष्य पाहू. हीमोग्लोबिनला १२० दिवस मिळतात. अंतस्त्वचेतील कोलॅजेनपैकी निम्मे बदलले जाण्यास सुमारे १५ वर्षे लागतात. म्हणजे विवाहाच्या वेळी अंगावर असलेल्या कोलॅजेनपैकी बराच भाग मुले शाळा संपवीत असतानाही अंगावरच असतो. एवढ्या अवधीत साखरेला तेथे भरपूर सवड मिळते. ती लायसीन आणि आर्जिनीन या घटकांना धरते आणि एका दोरापासून दुसऱ्या दोरापर्यंत नवे टाके घालते. हे टाके टोकांपाशीच पडतात असे नाही; ते वाटेल तेथे पडतात. कोणत्याही माणसात वयाबरोबर ते वाढत जातात. मधुमेहात हेच काम घाईने होते. मॉनियर, कोन आणि सेरामी या संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले की, दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांचे कोलॅजेन त्यांच्या वयाच्या मानाने अधिक तपकिरी झालेले असते. भाकरीवरील डागाचाच हा सख्खा भाऊ म्हणावयाचा. फक्त तो पडण्यास मिनिटाऐवजी दहा-वीस वर्षे लागलेली असतात.

असे कोलॅजेन ताठर होते. काही मधुमेहींना, विशेषतः लहानपणापासून विकार असलेल्यांना, दोन्ही हात जोडून नमस्कार करावयास सांगितले असता तळहात एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत; बोटांच्या मध्ये फट राहते. हातांवरील त्वचा जाड व मेणचट लागते आणि बोटांचे सांधे सरळ होत नाहीत. या साध्या नमस्काराला वैद्यकात निदानाचे स्थान आहे. ज्याच्या हातांची ही स्थिती, त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची आणि मूत्रपिंडाची तपासणी अगत्याने करावी, असे मानले जाते, कारण तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही याच क्रियेची झळ पोहोचलेली असण्याचा संभव असतो.

येथे एका मोठ्या अभ्यासाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अमेरिका आणि कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात, इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या १,४४१ मधुमेहींवर एक चाचणी घेण्यात आली. निम्म्यांची साखर कटाक्षाने आटोक्यात ठेवण्यात आली, उरलेल्यांना त्या वेळचे नेहमीचे उपचार देण्यात आले. पहिल्या गटात डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे विकार लक्षणीयरीत्या कमी आढळले. चाचणीअखेर यांतील काही जणांनी आपल्या त्वचेचे लहानसे तुकडे तपासणीसाठी दिले. साखर आटोक्यात ठेवलेल्यांच्या कोलॅजेनला चिकटलेली साखर कमी भरली. पुढे दोन्ही गटांना सारखेच उपचार मिळू लागले आणि काही वर्षांत दोहोंच्या रक्तातील साखर जवळजवळ एकसारखी झाली. तरीही पहिल्या गटाला झालेला लाभ पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. त्वचेच्या त्या तुकड्यांतील नोंदीवरून पुढील दहा वर्षांत कोणाचे डोळे आणि मूत्रपिंड अधिक बिघडतील याचा अंदाज बांधता आला, असे २००५ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. रक्त तीन महिन्यांचे सांगते. त्वचा त्याहून फार मागचे सांगते.

ही नोंद त्वचा न कापता वाचण्याचाही प्रयत्न झाला आहे. यांतील काही संयुगे अतिनील प्रकाशात चमकतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी हाताच्या त्वचेवर असा प्रकाश टाकून परत येणारी चमक मोजणारे उपकरण तयार केले आणि २००४ साली त्याचे निष्कर्ष मांडले. उपकरण सुबक आहे, परंतु सावळ्या व काळ्या त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्यामुळे तेथे त्याचे मापन अवघड होते. गोऱ्या कातडीवर बेतलेली साधने भारतीय उन्हातल्या कातडीवर तशीच्या तशी चालतील, असे गृहीत धरणे योग्य ठरणार नाही.

हे टाके पडू न देणारे किंवा पडलेले टाके उसवणारे औषध काढण्याचे प्रयत्नही झाले. टाके पडू न देणाऱ्या अमिनोग्वानिडिन या द्रव्यावर पुष्कळ आशा होती; माणसांवरील चाचण्यांनंतर ते वापरात येऊ शकले नाही. त्यानंतरच्या द्रव्यांचीही तीच गत झाली. तेव्हा मलमाने किंवा चूर्णाने कोलॅजेन पूर्ववत करून देण्याच्या जाहिरातींवर विश्वास ठेवण्यास आज तरी आधार नाही.

पेशींची अवस्था

कोलॅजेन ही त्वचेची नुसती चौकट नव्हे. ते तयार करणाऱ्या तंतुजनक पेशी त्याच दोरांना धरून राहतात, त्यांवरून सरकतात, त्यांच्या ताणावरून काय करावयाचे ते ठरवतात. त्यासाठी कोलॅजेनवर ठरावीक जागी पकडी असतात, आणि त्यांत आर्जिनीन महत्त्वाचे असते. साखरेच्या विघटनातून निघणारे मेथिलग्लायॉक्झल हे द्रव्य ग्लुकोजपेक्षा कितीतरी पट तापट असते आणि ते नेमके आर्जिनीनवर बसते. पकड निसटते. पकड निसटलेली तंतुजनक पेशी पुढे सरकत नाही, नवे कोलॅजेन कमी बनवते आणि पुष्कळदा अकाली मरते.

दुसरा परिणाम संदेशांच्या द्वारे होतो. पेशींच्या पृष्ठभागावर ‘रेज’ नावाचा एक ग्राहक असतो. त्याचा शोध १९९२ साली लागला. ग्लायकेशनने तयार झालेली संयुगे या ग्राहकावर येऊन बसली की पेशीला जणू धोक्याची घंटा ऐकू येते. तिच्या केंद्रकात दाह निर्माण करणारी जनुके जागी होतात. धोका कोणताच नसतो, पण घंटा वाजतच राहते. केशवाहिन्यांना आतून अस्तर असते त्या पेशींची स्थिती आणखी कठीण. स्नायूंच्या पेशी इन्शुलिनच्या परवानगीने साखर आत घेतात. या अस्तरपेशींना तशी आडकाठी नसते. रक्तात साखर वाढली की ती त्यांच्यातही वाढते, आणि तिच्या ज्वलनातून निघणारे उपद्रवी ऑक्सिजनकण आतूनच पेशीला पोळतात.

याच संदर्भात एका नित्य आढळणाऱ्या लक्षणाविषयी सांगावयास हवे. काही स्त्री-पुरुषांच्या, अलीकडे शाळकरी मुलामुलींच्याही, मानेच्या मागील बाजूस व काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसते. मळ समजून ती दगडाने, घासणीने घासली जाते. आईकडून बोलणीही खावी लागतात. तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओतते. हे जादा इन्शुलिन, त्याच्याशी रचनेने मिळत्याजुळत्या अशा एका वाढघटकाच्या ग्राहकांवर जाऊन बसते आणि त्वचेच्या पेशी विनाकारण वाढू लागतात. साखर वाढण्याच्या कित्येक वर्षे आधी हे चिन्ह दिसू शकते. घासण्याऐवजी तपासणी करून घेतली आणि वजन उतरवले, तर मानेचा काळेपणाही पुष्कळ अंशी कमी होतो.

न भरणारी जखम

निरोगी माणसाला खरचटले तर काय होते? प्रथम रक्त साकळते. काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी येते आणि जंतूंवर तुटून पडते. तिच्यामागून महाभक्षी पेशी येतात. यांची भूमिका दुहेरी असते. आरंभी त्या मारतात आणि सफाई करतात. काम झाले की त्यांचा स्वभाव पालटतो आणि त्या बांधकामाचे संदेश देऊ लागतात. मग तंतुजनक पेशी येतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, लालसर मांसाचे अंकुर दिसू लागतात आणि कडेच्या केराटिन-पेशी सरकत सरकत मध्यभागी येऊन जखम झाकतात.

मधुमेहात हे सारे सुरू होते, पण अध्यावरच अडकते. महाभक्षी पेशींचा स्वभाव पालटत नाही. त्या लढाईच्याच आवेशात राहतात. पहिल्या तुकडीतील पांढऱ्या पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वतःच्याच केंद्रकातील धाग्यांची जाळी बाहेर फेकतात. साखर अधिक असता त्या ती गरजेपेक्षा फार फेकतात आणि हीच जाळी भरून येण्याच्या आड येते, असे २०१५ मधील संशोधनात आढळून आले. प्रथिने कापणारी एन्झाइमे जखमेत साचून राहतात आणि त्यांना आवर घालणारी प्रथिने कमी पडतात. परिणाम असा की तंतुजनक पेशींनी आज विणलेले उद्या कापले जाते. वाढीचे संदेश देणारी प्रथिनेही याच कात्रीत सापडतात.

येथे एक विसंगती लक्षात येते. धडधाकट त्वचेतील जुने कोलॅजेन इतके जखडलेले की एन्झाइमांना ते कापता येत नाही. जखमेतील नवे कोलॅजेन इतके उघडे की ते टिकत नाही. जे जावयास हवे ते जात नाही, जे राहावयास हवे ते राहत नाही. मधुमेही त्वचेच्या दुखण्याचे मर्म बऱ्याच अंशी या एका गोष्टीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

जखमेच्या कडेवरही असेच घडते. तेथील केराटिन-पेशी वाढतात, परंतु सरकत नाहीत. त्या जागच्या जागी एकावर एक रचल्या जाऊन जाड, पांढुरकी कड तयार होते. शल्यचिकित्सक ही कड कापून काढतात तेव्हा नातेवाइकांना वाटते की डॉक्टरांनी जखम उगाच वाढवली. वास्तविक पुढे न सरकणाऱ्या पेशींना बाजूला करून, अद्याप सरकू शकणाऱ्या पेशींना वाट मोकळी करून देण्याचा तो उपाय असतो. जखमेत मेलेले मांस राहू न देण्याचाही हेतू त्यात असतो. मात्र हे काम घरी ब्लेडने करावयाचे नाही. कुरूप किंवा भोवरी कापताना झालेल्या जखमेतून पुढे पाय गमावल्याची उदाहरणे रुग्णालयांना नवी नाहीत.

पाय

ही सर्व संकटे एकत्र येतात ती पायावर. हृदयापासून तो दूर, त्याच्या धमन्या अरुंद झालेल्या, सर्व शरीराचा भार त्याच्यावर. त्यात मज्जातंतूंची भर पडते. दीर्घकाळच्या वाढलेल्या साखरेने लांब मज्जातंतू आधी निकामी होतात, आणि सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत गेलेले असतात. घाम आणणारे तंतू गेले की पाय कोरडा पडतो आणि टाचांना खोल भेगा जातात. वेदना सांगणारे तंतू गेले की त्या भेगा, तो काटा, चपलेत अडकलेला तो खडा यांपैकी काहीच कळत नाही. मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारी काही द्रव्ये भरून येण्याच्या कामाला चालना देत असतात, तीही मिळेनाशी होतात. म्हणजे जखम झाली हे कळत नाही, आणि झालेली भरत नाही.

महाराष्ट्रात याला प्रसंगांची उणीव नाही. कोकणात भातलावणीच्या दिवसांत पाय दिवस दिवस चिखलात असतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेथूनच जंतूंना दार उघडते. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्याला तळव्याला आलेले फोड घरी परतल्यावर दुसऱ्या कोणी दाखवावे लागतात. थंडीत शेकोटीपाशी पाय भाजतो. बधिर झालेल्या बोटांना रात्री उंदराने कुरतडावे आणि सकाळी अंथरुणावरील रक्त पाहून ते कळावे, असेही घडते. त्यावर हळद आणि चुना भरून आठ-पंधरा दिवस वाट पाहिली जाते, आणि तेच दिवस मोलाचे असतात.

बधिर पायाविषयीचे ज्ञान वैद्यकाला मोठ्या प्रमाणात भारतातून मिळाले. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप सडून गळतात, असा त्या काळी समज होता. वेदना नसल्यामुळे त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार पडतो आणि त्यातून व्रण होतात, हे ब्रँड यांनी निरीक्षणाने दाखवून दिले. सूक्ष्म पोकळ्या असलेल्या मऊ रबराच्या चपला तेथील कुष्ठरुग्णांसाठी तयार करण्यात आल्या. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथे गेले आणि तेथे मधुमेहींच्या पायांनाही हेच तत्त्व लागू पडले. आज मधुमेहींना ज्या मऊ तळाच्या, टाचेमागे पट्टा असलेल्या चपला सांगितल्या जातात, त्यांचा वंश वेल्लोरच्या त्या चपलांपर्यंत जातो.

पाय बधिर झाला आहे किंवा कसे, हे पाहण्यास मोठे यंत्र लागत नाही. १० ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवावयाचा आणि रुग्णाने डोळे मिटून तो कोठे लागला ते सांगावयाचे. २०१० साली सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मधुमेहासाठी तपासणी होते, आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन त्यासाठी माहिती घेतात. बोटातून थेंबभर रक्त घेतले जाते, साखर मोजली जाते. त्याच वेळी पायातील चप्पल काढावयास सांगून तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. घरी हे काम आरशाने होऊ शकते. दृष्टी अधू असल्यास सून-मुलाने किंवा नातवंडाने रोज एकदा पाहावे. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची ऊब हाताच्या कोपराने अजमावावी, बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचांना खोबरेल लावावे, बेचक्यांत मात्र लावू नये. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकावी.

आणि व्रण झालाच तर? ब्रँड यांनी कारव्हिल येथे रूढ केलेल्या पद्धतीत रक्तपुरवठा ठीक असलेल्या व पू नसलेल्या व्रणासाठी पायाला बेताचे, सर्व बाजूंनी घट्ट बसणारे प्लॅस्टर घालतात. त्यामुळे भार तळव्यावर एका जागी न पडता पोटरीपर्यंत वाटला जातो. दर आठवड्याला ते काढून जखम पाहिली जाते आणि नवे घातले जाते. महिनोन् महिने न भरलेले व्रणही अशा प्लॅस्टरखाली बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतात. कोलॅजेन तेच असते, तंतुजनक पेशी त्याच असतात, साखरेने घातलेले टाकेही तेथेच असतात. रोजच्या चालण्यातला तो एक दाब तेवढा काढून घेतलेला असतो.